सॅच्युरेशन ९७ आलं तरी आई गुंगीत का? जास्त ऑक्सिजनने नेमकं काय बिघडतं

उत्तर लांबणार आहे, पण वाचायच्या आधी एक काम करा. ऑक्सिजनचं मशीन अजून मिनिटाला ४ लिटरवर असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या १ लिटरवर आणा. एकदम बंद करू नका, त्याने सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) आधीपेक्षाही खाली जाऊ शकतं. बोटाला ऑक्सिमीटर लावून अर्धा तास आईंच्या शेजारी बसा, ८८ ते ९२ च्या मधे राहतंय का बघा, आणि आजच्या आज डॉक्टरांना फोन करून "दिवसा गुंगी, सकाळी डोकं दुखतं" एवढं नक्की सांगा. हाक मारून नीट जाग येत नसेल किंवा बोलणं असंबद्ध वाटत असेल तर इथल्या उत्तरांची वाट बघू नका, सरळ १०८ लावा.

बाकी वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. यांच्या आई ६६ वर्षांच्या, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन फुफ्फुसं खराब होत जाण्याचा जुनाट आजार) आहे, विडी-सिगरेट आयुष्यात नाही पण तीसेक वर्षं चुलीवर स्वयंपाक. मागच्या महिन्यात अॅडमिट होत्या, आता घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीच्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन, आहे. डॉक्टर म्हणाले १ लिटर ठेवा, सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरे. घरच्यांना ते कमी वाटलं, धाकट्या भावाने मशीन ४ वर केलं, आकडा ९७ झाला, सगळे खूश. पण आई दिवसभर झोपून, सकाळी उठल्यावर डोकं जड, आणि दम काही कमी झालेला नाही. तर यांचं विचारणं असं की ऑक्सिजन चांगला ना, मग जास्त दिला तर बिघडतं काय? ९७ असून दम का लागतो? आणि शेजारच्या काकू कपालभाती करा म्हणतात, ते करावं का?

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न कार्बन डायऑक्साइडचा आहे. आणि तो तुमच्या ऑक्सिमीटरला दिसतच नाही. ते मशीन बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतं आणि हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन बसलाय तेवढं सांगतं, बस. आत जाणारा ऑक्सिजन एक गोष्ट आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ही दुसरी, दोन्ही एकाच श्वासात होतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो, पण एक उत्तम चालू असताना दुसरं पार बिघडलेलं असू शकतं.

आधीच सांगते, मी आईंना तपासलेलं नाही. गुंगीला दुसरी कारणंही असतात, इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, शुगर, झोपेची किंवा खोकल्याची एखादी गोळी. ते एबीजी केल्याशिवाय, म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त काढून त्यातले वायू मोजल्याशिवाय कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण सीओपीडी, वाढवलेला ऑक्सिजन, गुंगी आणि सकाळची डोकेदुखी हे चार एकत्र आले की आमचा पहिला संशय कार्बन डायऑक्साइडवर जातो.

मी भूलतज्ज्ञ आहे, निम्मा दिवस ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) आणि निम्मा आयसीयूत जातो. हे दोन वायू वेगवेगळे वागताना आम्हाला ओटीत रोज दिसतात. भूल देण्याआधी पेशंटच्या तोंडावर मास्क धरून तीनेक मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देतो. मग औषध जातं, स्नायू सैल पडतात, श्वास थांबतो, आणि घशात नळी बसेपर्यंत तो माणूस श्वासच घेत नसतो. मॉनिटरवर सॅच्युरेशन किती? १००. एक मिनिट गेलं, दोन गेली, तब्येतीने धडधाकट माणूस असेल तर अजूनही १००-९९. कारण साधा श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात दोन-अडीच लिटर हवा शिल्लक राहते, ती आता जवळपास सगळी ऑक्सिजनची झालेली असते, आणि शरीर पडून असताना मिनिटाला साधारण २५० मिलि ऑक्सिजन वापरतं, करा हिशोब. (साध्या हवेवर असता तर तेवढ्याच जागेत जेमतेम ३००-४०० मिलि ऑक्सिजन असतो, मग मिनिट-दीड मिनिटातच आकडा घसरायला लागतो.)

पण त्याच दोन मिनिटांत कार्बन डायऑक्साइड चढत असतो, पहिल्या मिनिटात जास्त आणि मग दर मिनिटाला ३-४ मिमी. मिमी म्हणजे पाऱ्याचा दाब, बीपी मोजतो तेच युनिट. नळी बसली, मी बॅग दाबली, की कॅप्नोग्राफच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मशीनच्या, स्क्रीनवर पहिली उंच पायरी उमटते आणि शेजारी आकडा येतो, नेहमीच्या ४० च्या जागी ४८-५०. म्हणजे सॅच्युरेशन एका टक्क्यानेही हललं नाही आणि कार्बन डायऑक्साइड दहाने वाढला. ऑक्सिजन साठ्यातून भागतो, कार्बन डायऑक्साइड मात्र हवा हलल्याशिवाय बाहेर पडत नाही. तुमच्या घरी हेच होतंय असं मला वाटतंय, फक्त दोन मिनिटांच्या ऐवजी दोन दिवसांत.

आता आत नेमकं काय चालतं ते बघू, म्हणजे पुढचं समजेल.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी, त्यातला ऑक्सिजनचा वाटा १६० च्या आसपास. नाकात-घशात वाफ मिसळते, तो १५० होतो. वायुकोशात, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाला जे बारीक बारीक फुगे असतात तिथे, कार्बन डायऑक्साइड आधीच बसलेला असतो आणि ऑक्सिजन सतत उचलला जात असतो, म्हणून तिथे १०० उरतो. शरीर फिरून आलेल्या रक्तात तो ४० असतो. १०० कडून ४० कडे ऑक्सिजन आपोआप सरकतो, त्याला कोणी ढकलावं लागत नाही. कार्बन डायऑक्साइडचं उलट, रक्तात ४५-४६ आणि वायुकोशात ४०, फरक जेमतेम पाच-सहाचा, पण तो वायुकोश आणि रक्त यांच्यामधल्या पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा वीसपट सहज पार होतो त्यामुळे एवढ्याशा फरकावरही भागतं. पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग, आणि सगळे वायुकोश उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, साडेसातशे चौरस फूट.

या "आपोआप" वरून एकेकाळी मोठा वाद होता बरं का. कोपनहेगनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर म्हणायचे की फुफ्फुस ऑक्सिजन स्वतःहून रक्तात ढकलतं, ग्रंथी जशी रस सोडते तसं. त्यांचाच विद्यार्थी ऑगस्ट क्रोग आणि त्याची डॉक्टर बायको मारी क्रोग यांनी १९१० मधे मोजमापं करून दाखवलं की नुसत्या दाबाच्या फरकावर सगळं काम होतं, ढकलायची गरजच नाही. गुरूचा सिद्धांत शिष्याने मोडला. बोर यांचं नाव मात्र दुसऱ्या एका खऱ्या शोधामुळे राहिलं, कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं तो परिणाम, १९०४ चा. अणूवाले नील्स बोर यांचे हे वडील.

लाल पेशी या वायुकोशाला चिकटलेल्या केशवाहिनीतून पाऊण सेकंदात निघून जाते, आणि निरोगी फुफ्फुसात पहिल्या पाव सेकंदातच ऑक्सिजनने भरते. म्हणजे बसलेल्या माणसाकडे वेळ भरपूर शिल्लक. चालायला लागलं की रक्त जोरात पळतं, वेळ कमी होतो, आणि पडदा सुजलेला असेल तर पेशी अर्धवट भरूनच पुढे जाते. कोविडमधे घरोघरी सहा मिनिटं चालून ऑक्सिमीटर लावायला सांगत होते ते यासाठी, बसल्या बसल्या ९६ दिसणारा माणूस चालल्यावर ९० ला यायचा.

कार्बन डायऑक्साइडचा प्रवास थोडा वेगळा. तो रक्तात बहुतेक, सत्तर टक्क्यांच्या आसपास, बायकार्बोनेटच्या रूपात येतो, म्हणजे लाल पेशीतलं एक एन्झाइम त्याला पाण्याशी जोडून विरघळवून टाकतं. थोडा हिमोग्लोबिनला चिकटून येतो, थोडा तसाच विरघळलेला. फुफ्फुसात आला की हे सगळं उलटं फिरतं आणि तो वायू होऊन बाहेर पडतो. आता इथे लक्ष द्या, तो किती बाहेर पडणार हे एकाच गोष्टीवर ठरतं, मिनिटाला किती ताजी हवा वायुकोशापर्यंत आत-बाहेर होते. आपण पुरेसा कार्बन डायऑक्साइड सोडतोय का हे ऑक्सिजनच्या नळीला कळत नाही आणि ती त्यात काही मदतही करत नाही.

ताजी हवा म्हणजे काय तेही आकड्यात बघा. साधा श्वास ५०० मिलिचा. त्यातली १५० मिलि नाक, घसा, श्वासनळ्यांतच राहते, वायुकोशापर्यंत जातच नाही. कामाला आली ३५० मिलि. मिनिटाला १२ श्वास घेतले तर ४.२ लिटर. आता माणूस दमलाय, उथळ उथळ श्वास घेतोय, २०० मिलिचा एक, मिनिटाला ३०. एकूण हवा दोघांची सारखीच, ६ लिटर. पण दुसऱ्याच्या प्रत्येक श्वासात १५० वाटेतच अडकली, कामाला आली ५० मिलि, तीस वेळा, म्हणजे दीड लिटर. लांबून बघणाऱ्याला वाटतं किती जोरात श्वास चाललाय, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत चाललेला असतो. आयसीयूत राउंडला नुसता श्वासांचा आकडा लिहून ठेवलेला दिसला की मी सिस्टरना विचारते, छाती किती हलतेय ते बघितलं का.

सीओपीडीत हे गणित आणखी बिघडतं. वर्षानुवर्षांच्या धुराने बारीक नळ्या सुजून अरुंद होतात, काही वायुकोशांच्या भिंती फाटून मोठे पोकळ फुगे होतात. (हा आजार फक्त सिगरेटवाल्यांचा असं अजून पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे चूल, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायका ओपीडीत सतत येतात, आणि त्यांना वर्षानुवर्षं "दमा आहे" एवढंच सांगितलेलं असतं.) श्वास आत घेताना नळ्या थोड्या उघडतात, सोडताना मिटतात, त्यामुळे हवा आत अडकते. फुफ्फुसाचा काही भाग असा होतो की तिथे रक्त जातंय पण हवा नाही, आणि काही भाग असा की हवा जातेय पण रक्त नाही.

मग एक भाग खराब झाला तर दुसरा चांगला भाग जास्त काम करून भरून का काढत नाही? ऑक्सिजनच्या बाबतीत नाही काढू शकत. हिमोग्लोबिनची एसटी समजा, चार सीटची. चांगल्या भागातून निघणारी गाडी तशीही चारही सीट भरून निघते, पाचवा माणूस बसवायला जागाच नाही, मग तिथे कितीही गर्दी करा. खराब भागातून गाड्या रिकाम्या येतात आणि पुढे सगळ्या एकत्र मिसळतात, सरासरी पडतेच. कार्बन डायऑक्साइडला ही सीटची मर्यादा नाही, चांगल्या भागात हवा दुप्पट हलवली तर जवळपास त्या प्रमाणात जास्त बाहेर टाकता येतो. म्हणून फुफ्फुसाच्या बऱ्याच आजारांत ऑक्सिजन आधी पडतो आणि कार्बन डायऑक्साइड बराच काळ नॉर्मल राहतो, जोपर्यंत माणसात जोर आहे तोपर्यंत. सीओपीडी खूप पुढे गेला की तो जोरही संपतो.

आता तुमच्या भावाने ४ केलं तेव्हा काय झालं असेल. शरीराची एक हुशारी आहे, फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या ते आवळून घेतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. हे आवळणं ऑक्सिजन कमी असण्यावर चालतं. बाहेरून भरपूर ऑक्सिजन आला की खराब भागातही तो थोडा पोचतो, वाहिन्या सैल होतात, रक्त परत तिकडे जायला लागतं. त्या भागात ऑक्सिजन तर मिळाला, आकडा ९७ झाला, पण हवा तिथे हलतच नाहीये त्यामुळे त्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड तसाच परत शरीरात. हे एक मोठं कारण.

दुसरं कारण हिमोग्लोबिनचं. त्यावर ऑक्सिजन जास्त बसला की ते कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. याला हाल्डेन परिणाम म्हणतात. तुमच्या-माझ्यात हे सोयीचंच, सोडलेला वायू दोन मोठ्या श्वासांत बाहेर. पण ज्यांना श्वास वाढवताच येत नाही त्यांच्या रक्तात तो साठतो. तिसरं, श्वास घ्यायची ओढ थोडी कमी होते. आम्हाला कॉलेजात हे तिसरंच मुख्य म्हणून शिकवलेलं, की या पेशंटचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवरच चालतो आणि ऑक्सिजन दिला की ते श्वास घ्यायचंच विसरतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण आयसीयूत बघितलं तर बहुतेक पेशंट श्वास घेतच असतात आणि तरी कार्बन डायऑक्साइड वाढतो. वरची दोन कारणं जास्त खरी.

वाढला तर होतं काय? रक्त आम्लधर्मी होतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून डोकेदुखी, आणि झोपेत श्वास आणखी उथळ असतो म्हणून ती सकाळी. मग सुस्ती, गोंधळ, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, तळहात गरम. नॉर्मल आकडा ३५ ते ४५. जुन्या सीओपीडीत तो कायमचाच ५०-५५ असू शकतो, किडनी बायकार्बोनेट धरून ठेवून त्याची सवय करून घेते आणि माणूस घरात हिंडतफिरत असतो. आईंचा तसा असेल तर डॉक्टरांनी मुद्दाम १ लिटर लिहिलाय. तिथून तो ७०-८० कडे गेला की गुंगी येते, आणि बिचारा ऑक्सिमीटर ९७ दाखवत राहतो.

मग ८८ ते ९२ ने भागतं का, ही तुमची भीती मला समजते, कोविडनंतर घरोघरी ९४ च्या खाली काही दिसलं की पोटात गोळा येतो. आकडे मांडते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलि ऑक्सिजन धरतं. आईंचं हिमोग्लोबिन १२ धरलं तर ९० टक्क्यांना १०० मिलि रक्तात साडेचौदा मिलि ऑक्सिजन, ९७ टक्क्यांना साडेपंधराच्या जवळ. म्हणजे ४ लिटर करून मिळवलं जेमतेम एक मिलि. उलट हिमोग्लोबिन १२ चं ८ झालं तर सॅच्युरेशन ९७ असूनही थेट एक तृतीयांश ऑक्सिजन गेला, आणि त्याकडे कोणी बघत नाही. तेव्हा आईंचा सीबीसी (ज्यात हिमोग्लोबिन कळतं ती रक्ताची तपासणी) शेवटचा कधी केला ते बघून ठेवा. आणि ९० म्हणजे रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० च्या आसपास, तिथपर्यंत दाब आणि सॅच्युरेशनचा आलेख सपाट असतो, त्याच्या खाली मात्र तो झपाट्याने घसरतो, म्हणून ८८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. खालची आणि वरची, दोन्ही मर्यादा तितक्याच कडक पाळायच्या.

आतापर्यंतचं एका दमात: ऑक्सिजन दाबाच्या फरकाने आत जातो आणि बाहेरून जास्त दिला की आकडा सुधारतो. कार्बन डायऑक्साइड हवा हलली तरच जातो, नळीने सुधारत नाही, आणि काही पेशंटमधे ऑक्सिजन वाढवल्याने बिघडतो. आता तुमचे उरलेले प्रश्न.

९७ असून दम का लागतो? कारण दम हा मुख्यतः ऑक्सिजन मोजत नाही. मेंदूतलं श्वासाचं केंद्र कार्बन डायऑक्साइडला फार हळवं आहे, आणि त्यात भर म्हणजे छातीचे स्नायू किती राबतायत याची जाणीव. आईंच्या छातीत हवा अडकून फुफ्फुस फुगलेलं आहे, पुढचा श्वास घ्यायला जागाच उरलेली नाही, छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा चपटा झालाय, प्रत्येक श्वासाला ओढाताण. ऑक्सिजन वाढवून ती ओढाताण कमी होणार नाही. याच्या बरोबर उलटं आम्ही कोविडमधे बघितलं, सॅच्युरेशन ८० आणि माणूस कॉटवर बसून मोबाइलवर बोलतोय. त्यांची फुफ्फुसं सुरुवातीला लवचिक होती, कार्बन डायऑक्साइड व्यवस्थित बाहेर जात होता, म्हणून दम जाणवतच नव्हता. दम आणि सॅच्युरेशन एकमेकांच्या मागे चालतातच असं नाही.

दम कमी करायला उपयोगी पडतं ते इनहेलर नीट घेणं (स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची पोकळ नळी, लावून घेतायत ना ते स्वतः उभं राहून बघा, अर्धं औषध जिभेवरच उडवणारे पेशंट मी कायम बघते) आणि सावकाश श्वास सोडणं. नाकाने आत, मग ओठांचा चंबू करून आत घेण्याच्या दुप्पट वेळ लावून बाहेर. ओठ आवळल्याने नळ्यांत मागून थोडा दाब राहतो, त्या लगेच मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघते. फिजिओथेरपिस्ट हे शिकवताना समोर मेणबत्ती असल्याची कल्पना करा म्हणतात. कल्पनाच करा, ऑक्सिजन चालू असताना खरी लावू नका.

कपालभाती नको. एक तर जोरात बाहेर झटके दिले की सीओपीडीतल्या नळ्या अजून मिटतात आणि हवा अजून अडकते. आणि धडधाकट माणसातही भरभर श्वासाने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण सॅच्युरेशन आधीच ९७-९८ असतं, वर जायला जागा कुठे आहे. त्याने होतं काय, तर कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या वाहिन्या आवळतात, बोटांना मुंग्या, डोकं हलकं, आणि लोकांना वाटतं काहीतरी भारी झालं. विहिरीत सूर मारण्याआधी पोरं जोरजोरात श्वास घेतात ना जास्त वेळ पाण्याखाली राहायला, ते फार धोक्याचं आहे. कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते, तोवर ऑक्सिजन संपतो आणि पाण्याखालीच शुद्ध जाते. तुमच्या घरी पोहणारं कोणी असेल तर हे त्यांना नक्की सांगा. बाकी प्राणायामाला माझी हरकत नाही, सावकाश श्वास सोडायचे प्रकार आईंनी डॉक्टरांना विचारून करावेत. कापूर-ओव्याच्या पुरचुंडीचा मेसेज २०२१ पासून फिरतोय, त्याने नाक मोकळं वाटतं, सॅच्युरेशन वाढत नाही.

मशीनबद्दल. कॉन्सन्ट्रेटरवर ९३ टक्के वगैरे लिहिलेलं असतं म्हणून आई ९३ टक्के ऑक्सिजन ओढतायत असं नाही. नाकातल्या नळीने १ लिटर दिला तर तो खोलीच्या हवेत मिसळून साधारण २४ टक्के होतो, २ लिटरला २८. ४ ला ३६ च्या आसपास. हे आकडेही श्वास किती जोरात घेतात त्यावर बदलतात. दिवसातून किती तास लावायचं हेही विचारा. घरच्या ऑक्सिजनचा फायदा बऱ्याच पेशंटमधे तेव्हा दिसतो जेव्हा तो दिवसातले किमान १५ तास चालू असतो, दम लागला की दहा मिनिटं लावून काढून ठेवण्याने नाही. ऑक्सिजन चालू असताना जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती नको, देवघर त्याच खोलीत असेल तर मशीन हलवा. आणि चूल अजून पेटत असेल, भाकरीपुरती का होईना, तर ती आधी बंद.

ऑक्सिमीटरवरही आंधळा विश्वास नको. बोटं गार असतील, नेलपॉलिश असेल तर आकडा भलताच येतो, त्वचा सावळी असेल तर खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, आणि चांगल्या मशीनमधेही दोन-तीन टक्क्यांचा फरक धरावा लागतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने किंवा खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीने कार्बन मोनॉक्साइड अंगात गेला तर माणूस बेशुद्ध आणि ऑक्सिमीटर ९८, कारण हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की कार्बन मोनॉक्साइड, त्या मशीनला दोन्ही सारखेच दिसतात.

डॉक्टरांशी बोलताना एबीजी करायचा का आणि रात्री बायपॅप लागेल का, हे दोन विचारा. बायपॅप मास्कमधून दाब देऊन प्रत्येक श्वास मोठा करतं, म्हणजे हवा हलवतं, जे काम ऑक्सिजनची नळी करत नाही. ते लागेलच असं नाही, कार्बन डायऑक्साइड आणि पीएच (रक्त किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) किती येतो त्यावर आहे. पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर असेल तर बहुतेक अॅडमिटच करून घेतील, घाबरू नका, वेळेत बायपॅप लावलेले पुष्कळ पेशंट दोन-तीन दिवसांत नीट बोलायला लागतात.

मागच्या महिन्याच्या डिस्चार्ज कार्डला एबीजीची छोटी पट्टी लावलेली असेल, ती थर्मल कागदाची असते आणि पुसट होत जाते, आजच फोटो काढून ठेवा. त्यातले पीएच, पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे, आणि घरी जाताना ऑक्सिजन किती लिटर होता तेवढं इथे टाका, म्हणजे आईंचा नेहमीचा आकडा किती असावा याचा अंदाज सांगता येईल.